बोट दाखवणारा आणि गप्प बसणारा

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता तुळजापूर तालुक्यात शिरला की अणदूर, नळदुर्ग, जळकोट ही गावं एकमेकांच्या जवळजवळच लागतात. १३ सप्टेंबर १९४८ रोजी याच रस्त्याने भारतीय सैन्याची पहिली आर्मर्ड डिव्हिजन निजामाच्या राज्यात शिरली. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी तिचे प्रमुख होते. पहाटे चारच्या सुमारास हालचाल सुरू झाली. सातव्या ब्रिगेडने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. मग शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीने तिथल्या हैदराबादी पायदळावर हल्ला चढवला. सकाळी नऊला रणगाडे जळकोटात होते आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात, म्हणजे सरहद्दीपासून ६१ किलोमीटर आत. पूल उडवून देण्याची कामगिरी ज्याच्यावर होती तो भाडोत्री ब्रिटिश अधिकारीही त्याच दिवशी पकडला गेला. दुसरी तुकडी तुळजापूरला भिडली. तिथे निजामी पायदळ आणि निजामाच्या बाजूचे दोनशेच्या आसपास सशस्त्र रझाकार दोन तास लढले आणि मग शरण आले. पुढे लोहाऱ्याची वाट मात्र पुराच्या पाण्याने अडवली.

पाचव्या दिवशी निजामाने शस्त्रं खाली ठेवली. १८ सप्टेंबरला त्याचे सरसेनापती अल इद्रूस यांनी चौधुरींपुढे रीतसर शरणागती पत्करली. कागदोपत्री हे युद्ध नव्हतंच, ती ‘पोलीस कारवाई’ म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’ होती. मराठवाड्यातल्या बोलण्यात आजही काळाची फोड ‘ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शननंतर’ अशी होते.

लष्करी नकाशावर या पाच दिवसांची गोष्ट सोपी दिसते. एक जाड बाण सोलापुरातून निघतो आणि हैदराबादला टेकतो. त्या बाणाखाली जी गावं आली, त्यांतल्या माणसांशी सैनिकाची गाठ पडली तेव्हा काय झालं, हा या प्रकरणाचा विषय आहे. कारण परमुलखात तैनात असलेल्या सैनिकाची एक तक्रार देशोदेशी सारखीच असते. ज्यांच्यासाठी आम्ही जीव धोक्यात घालतो, ते लोक आम्हाला काही सांगत नाहीत. आज आम्हाला हार घालतात, काल त्यांना भाकरी देत होते. हे नेमके आहेत तरी कुणाचे?

सरहद्दीवरचं एक वर्ष

‘कुणाचे’ या प्रश्नाचं उत्तर अणदूरच्या पंचक्रोशीत १९४८ साली कुणालाच सरळ देता आलं नसतं. सोलापूर मुंबई प्रांतात होतं, अणदूर निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. भाषा एक, बाजार एक, सोयरिकी या बाजूच्या त्या बाजूला. राज्य तेवढं निराळं होतं आणि त्याची खूण म्हणजे मधले करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सोलापुरात तिरंगा फडकला, अणदुरात नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. दोन्ही बाजूंना तो वेळ काढण्यापुरताच हवा होता.

निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचं नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ करत होते. याच जिल्ह्यातल्या हिप्परगा इथल्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी मुख्याध्यापक म्हणून काम केलं होतं, त्यामुळे हा मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. लढा पेटला तशी सरहद्दीच्या भारतीय बाजूला कार्यकर्त्यांची सशस्त्र ठाणी उभी राहिली. लोक त्यांना ‘कॅम्प’ म्हणत. कॅम्पातली पोरं रात्री हद्द ओलांडत, करोडगिरी नाका जाळत, पोलीस ठाण्यावर हल्ला करत, सरकारी दप्तराची होळी करत आणि उजाडायच्या आत परत जात. शिंदीची झाडं तोडून निजामाचं उत्पन्न बुडवणं हाही आंदोलनाचा भाग होता.

दुसऱ्या बाजूला रझाकार होते. त्यांचा नेता कासीम रझवी लातूरचा वकील. निजामाच्या पोलिसांच्या आडोशाने त्यांच्या टोळ्या गावोगाव फिरत, वसुली करत, घरं पेटवत. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात त्यांनी केलेल्या कत्तलीत दोनशेच्या आसपास माणसं मारली गेली. ती बातमी सरहद्दीवरच्या प्रत्येक गावात पोचली आणि हजारो कुटुंबं सोलापूर-बार्शीकडे पळाली.

जे पळाले नाहीत, त्यांचा दिवस एका सरकारचा होता आणि रात्र दुसऱ्याची. रात्री कॅम्पातला माणूस येऊन भाकरी आणि वाट मागे. नाही म्हटलं तर तो देशद्रोह. सकाळी पोलीस आणि रझाकार येऊन भाकरी कुणी दिली ते विचारत. हो म्हटलं तर घर जाई. शिवाय सरकारी लेव्हीचं सक्तीचं धान्य घालायचंच. गावच्या पाटलाला या सगळ्यांसमोर उभं राहावं लागे आणि प्रत्येकाला त्याच्या मनासारखं उत्तर द्यावं लागे.

धर्म किंवा जात बघून कोण कुठल्या बाजूचा ते ठरवावं, तर तेही फसवं होतं. हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबउल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू उघडपणे मांडली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. उलट निजामाचा कारभार टिकवण्यात हिंदू वतनदारांचाही वाटा होता. दलित पुढारी बी. एस. वेंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात होते, तर डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच अस्पृश्य समाजाला निजामाच्या बाजूला जाऊ नका असं बजावलं होतं. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, दोन मतं होती. आणि बहुतेकांचं मत ‘हे एकदाचं संपू दे’ एवढंच होतं.

सैनिकाला काय दिसतं

आता रणगाड्यावरून खाली उतरलेल्या जवानाच्या जागी उभं राहून बघू. तो महिनोन् महिने सरहद्दीवर थांबला होता. पलीकडून पळून आलेल्यांच्या हकिगती त्याने ऐकल्या होत्या, पण हुकूम नसल्याने त्याला हद्द ओलांडता येत नव्हती. जुलैत सोलापूरजवळच्या नान्नज भागात सैन्याच्या तुकडीवर हल्ला झाला, तेव्हा संताप आणखी साठला. अखेर हुकूम आला. तो स्वतःला सोडवणारा समजून गावात शिरला, आणि समोर बंद दारं.

हा जवान बहुधा शीख, डोगरा, गुरखा किंवा पंजाबी होता. गावात बोलली जात होती मराठी, थोडी कानडी, थोडी दखनी. पुढच्या ओढ्यावर सुरुंग पेरलेत का, रझाकार कुठे लपलेत, हत्यारं कुणाच्या घरात आहेत, हे त्याला मिनिटभरात कळायला हवं होतं. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला गावाचं एकच उत्तर येई, ‘आम्हाला काय ठावं, साहेब?’

जवानाच्या कानाला हे खोटं वाटतं, आणि पुष्कळदा ते खोटं असतंही. गावाला बरंच काही माहीत असतं. ज्या वाटेवर पुढच्या तासाला आपला सोबती मरू शकतो, त्या वाटेबद्दल हा माणूस मुद्दाम गप्प आहे असं वाटलं की वैताग येतो. त्यात शत्रू गणवेश उतरवू शकतो. काल रझाकाराच्या वर्दीत फिरणारा आज सदरा-लेंग्यात ओसरीवर बसलेला असू शकतो आणि त्याच्या शेजारी बसलेला म्हातारा खरोखरच शेतकरी असू शकतो. दोघांत फरक करण्याचं कुठलंच साधन जवानाजवळ नाही. समोरासमोरच्या लढाईचं शिक्षण घेतलेल्या माणसाला ही परिस्थिती अपमानासारखी वाटते. म्हणून या वैतागाला दुष्टपणा म्हणणं चूक ठरेल. तो खऱ्या भीतीतून आणि खऱ्या अज्ञानातून येतो.

गप्प बसण्याचा हिशोब

ग्रीक राज्यशास्त्रज्ञ स्टॅथिस कॅलिव्हास यांनी यादवी युद्धांतल्या हिंसेचा अभ्यास करून २००६ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रीसमधल्या अर्गोलिड भागातली गावं त्यांनी एकेक करून तपासली. त्यांचा निष्कर्ष अणदूरच्या पाटलाला नवा वाटला नसता. सामान्य माणूस मदत कुणाला करतो हे त्याच्या मनातल्या आवडीपेक्षा तिथे त्या घडीला हुकूम कुणाचा चालतो यावर ठरतं. आवडनिवड असतेच, पण जीव वाचल्यावर. जिथे एका बाजूचा ताबा पक्का आहे तिथे लोक तिला साथ देतात आणि काही दिवसांनी ती साथ मनापासूनचीही होते. जिथे दिवसा एक आणि रात्री दुसरा, तिथे ते दोघांनाही थोडं थोडं देतात किंवा कुणालाच काही देत नाहीत.

या नजरेने १३ सप्टेंबरची सकाळ पुन्हा बघा. जवान गावाला विचारतो आहे, ‘तुम्ही कुणाच्या बाजूचे?’ गावाच्या मनात मात्र उलटा प्रश्न आहे, ‘तुम्ही मुक्कामाला किती दिवस?’ सकाळी नऊला जळकोटात असलेली फौज सव्वातीनला उमरग्यात असते. वेग हेच या मोहिमेचं बळ होतं. पण ज्या गावावरून ती गेली त्याला एवढंच दिसलं, की जे आले ते गेले. मागे उरले शेजारी, आणि शेजाऱ्यांकडे वर्षभराचा हिशोब बाकी होता. अशा वेळी तोंड उघडणं म्हणजे संध्याकाळी सोबत नसणाऱ्या माणसाच्या भरवशावर जन्मभर सोबत राहणाऱ्यांशी वैर धरणं. सैनिक ज्याला भेकडपणा किंवा बेइमानी समजतो, तो शेतकऱ्याचा रोकडा व्यवहार असतो.

जो बोलतो, तो का बोलतो?

गप्प बसणाऱ्यांवर चिडलेल्या सैनिकाला स्वतःहून पुढे येणारा माणूस फार आवडतो. तो हसून बोलतो, पाणी देतो आणि बोट दाखवतो, ‘तो बघा, तो रझाकार.’ दिवसभर भिंतीशी बोलून थकलेल्या माणसाला अखेर कुणीतरी उत्तर दिलेलं असतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच.

कॅलिव्हास यांचा दुसरा निष्कर्ष याच क्षणाबद्दल आहे. युद्धकाळात शेजाऱ्याविरुद्ध दिलेल्या खबरांत राजकारणाइतकाच, कित्येकदा जास्त, खाजगी स्वार्थ असतो. बांधाचं भांडण, सावकाराचं देणं, भाऊबंदकी, मोडलेली सोयरीक, सगळं ‘शत्रूला पकडून देतो’ या नावाखाली वसूल होतं. गावाबाहेरून आलेला सैनिक त्या वसुलीचं हत्यार बनतो आणि त्याला ते कळतही नाही.

मराठवाड्यात ॲक्शननंतर जे घडलं त्याची सर्वांत ठळक नोंद सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या या मंडळात पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री होते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. मरणारे बहुतांशी मुसलमान होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळलेले, तिथे मृतांची संख्या १८ हजारांच्या घरात. लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ खून होत राहिले. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला गावात जेमतेम तीन हजार दिसले. सरदार पटेलांनी या अहवालावर कडक आक्षेप घेतला, सरकारने तो प्रसिद्ध केला नाही, आणि आकड्यांवरचा वाद अजून मिटलेला नाही. पण रझाकारीचा सूड मुख्यतः अशांवर उगवला गेला ज्यांचा रझाकारांशी धर्मापलीकडे संबंध नव्हता, हे त्यातून लपत नाही. खरे रझाकार पुष्कळसे आधीच पसार झाले होते.

सैन्याबद्दल अहवाल दोन गोष्टी सांगतो आणि दोन्ही सोबतच वाचायला हव्यात. अनेक ठिकाणी जवानांनी आणि अधिकाऱ्यांनी मुसलमानांचं रक्षण केलं. काही ठिकाणी त्यांनी जमावाला लुटीला उत्तेजन दिलं, आणि काही ठिकाणी स्वतः लूट व हत्या केल्या. सोलापुरातून आणि इतर शहरांतून आलेल्या सशस्त्र टोळ्यांचाही त्यात उल्लेख आहे. फौज, राज्य आणि गणवेश तेच असताना दोन गावांत दोन टोकं दिसली. फरक बहुधा एवढ्यावरच पडला असेल, की त्या ठिकाणच्या अधिकाऱ्याने पुढे येऊन बोट दाखवणाऱ्याचं ऐकलं की त्याला थांबवून आणखी चार प्रश्न विचारले.

याच अहवालात हिंदू विणकरांचीही नोंद आहे. आपल्या सोबत मागावर बसणाऱ्या मुसलमान विणकरांना त्यांनी हिंदू जमावापासून वाचवलं आणि त्यापायी काहींनी जीवही गमावला. जवानाला गप्प वाटणाऱ्या गावात अशीही माणसं होती. कुणाला लपवलं आहे हे ती बाहेरच्या माणसाला सांगणार तरी कशी? त्या दिवसांत काही घरांचं मौन म्हणजे आतल्या खोलीतल्या शेजाऱ्याचं संरक्षण होतं.

जाफना आणि माय लाय

चाळीस वर्षांनी भारतीय जवान समुद्रापलीकडे त्याच पेचात सापडला. १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत उतरली तेव्हा जाफन्यातल्या तमिळांनी तिचं स्वागत केलं. ऑक्टोबरमध्ये तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, लढाई जुंपली आणि तेच रस्ते, तीच घरं संशयाची झाली. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन एका गावात शस्त्रसाठा उतरल्याच्या खबरीवरून शोधाला गेले होते. परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागूनही ते लढत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मार्च १९९० मध्ये शांतिसेना परतली तोवर अकराशेहून अधिक भारतीय जवान मारले गेले होते. दोन्ही बाजूंच्या बंदुकांखाली जगणारा जाफन्याचा तमिळ रहिवासी जवानाशी मोकळं बोलू शकत नव्हता, कारण वाघांची शिक्षा त्याला ठाऊक होती. आपला जवान हे समजू शकला तरी त्याचा राग कमी होत नव्हता.

तो राग मोकाट सुटला तर काय होतं याचं उदाहरण व्हिएतनाममधलं माय लाय. अमेरिकी सैन्याची चार्ली कंपनी तिथे आल्यापासून तीन महिन्यांत सुरुंगांनी आणि सापळ्यांनी जायबंदी होत होती, शत्रू मात्र दिसत नव्हता. सुरुंग कुठे आहेत हे गावकऱ्यांना माहीत असणार, ही तिची खात्री. १६ मार्च १९६८ रोजी ती गावात शिरली आणि बायका, मुलं, म्हातारे यांना मारत सुटली. व्हिएतनामी गणतीनुसार मृत ५०४. ह्यू थॉम्पसन नावाच्या वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि पळणारे गावकरी यांच्या मधोमध उतरवलं म्हणून काहींचे प्राण वाचले. तोही त्याच युद्धात तैनात होता, त्याच्याही जिवाला तोच धोका होता.

नियम नंतर आले

सप्टेंबर १९४८ मध्ये केवळ नागरिकांच्या संरक्षणासाठी केलेला आंतरराष्ट्रीय करार जगात नव्हता. चौथा जिनिव्हा करार १२ ऑगस्ट १९४९ रोजी झाला, ॲक्शननंतर अकरा महिन्यांनी. सामूहिक शिक्षा आणि लूट यांवर त्याने बंदी घातली. जिनिव्हा करारांच्या तिसऱ्या कलमाने अंतर्गत संघर्षालाही किमान नियम लावले, त्यामुळे ‘हे युद्ध नाही, कारवाई आहे’ ही पळवाट अरुंद झाली. भारताने १९६० मध्ये जिनिव्हा करारांसाठी कायदा केला. १९७७ च्या पुरवणी करारात, ज्यात भारत सामील नाही, एक वाक्य आहे जे प्रत्येक जवानाने पाठ करावं असं आहे: एखादा माणूस नागरिक आहे की लढवय्या याबद्दल शंका असेल तर त्याला नागरिकच मानावं.

भारतीय सैन्याने आपल्या अनुभवातूनही नियम घडवले. काश्मीर आणि ईशान्य भारतातल्या तैनातीतून लष्करप्रमुखांच्या ‘दहा आज्ञा’ आल्या. काय करावं आणि काय करू नये याच्या याद्या आल्या. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या याद्या बंधनकारक ठरवल्या. पकडलेल्या माणसाला लवकरात लवकर पोलिसांच्या ताब्यात देणं, झडतीच्या वेळी स्थानिक साक्षीदार ठेवणं, या गोष्टी कागदावर किरकोळ वाटतात. १९४८ च्या गावात त्या असत्या तर बोट दाखवणं आणि गोळी लागणं यांच्या मध्ये काही तास गेले असते. बहुतेक सूड तेवढ्या वेळात थंडावतात किंवा निदान उघडे पडतात.

पण नियमही फौज पुढे निघून गेल्यावर अपुरे पडतात. नळदुर्गचा पूल घेण्याची योजना बारकाईने आखली होती. पूल घेतल्यानंतर त्या रात्री आसपासच्या गावांत पहारा कोण देणार, याला तेवढं महत्त्व मिळालं नाही. निजामाचे पोलीस पळाले होते, नवे अजून आले नव्हते, आणि मधल्या काळात राज्य शेजाऱ्यांच्या हाती होतं. गावाला बोलतं करायचं असेल तर मागे राहणारा शिपाई, साक्ष नोंदवणारा अधिकारी आणि उद्याही उघडं असणारं ठाणं लागतं. ते मिळालं की लोक हळूहळू बोलतात. ते नसताना जो झटपट बोलतो, त्याचा बांध कुणाच्या बांधाला लागून आहे हे सैनिकाने आधी तपासावं. समोरच्या माणसाच्या गप्प बसण्याने सैनिकाला येणारा वैताग खराच असतो. मात्र तो त्या माणसाच्या अपराधाचा पुरावा नसतो, आणि अधिकाऱ्याच्या शिस्तीची परीक्षा या दोहोंत फरक करण्यातच असते.